उतरताना गुडघा कोण धरतं?

भुशी धरणाच्या ओल्या पायऱ्यांवरून खाली येणारी माणसं पाहावीत. चढताना बहुतेक सगळे सारखेच चढतात. उतरताना मात्र प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कोणी पाऊल आडवं टाकतं, कोणी दर पायरीला दोन्ही पाय जुळवून मग पुढची पायरी घेतं, कोणी शेजारच्याचा खांदा धरतं. काय होतंय म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: गुडघ्यातलं ग्रीस संपलंय.

हे वाक्य मला फार खटकतं. त्याच्या जोरावर चालतीफिरती माणसं साठीच्या आतच जिने सोडतात, गड सोडतात, एकवीरेला पायी जाणं सोडतात. गुडघा हलतो कसा, हे कळलं असतं तर त्यांतल्या कित्येकांनी एवढ्यात हात टेकले नसते, असं मला वाटतं.

भुशीचं धरण रेल्वेने बांधलं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं म्हणून इंद्रायणीच्या उगमाकडचं पाणी इथे अडवलं गेलं. त्यामुळे हा वाद रेल्वेच्याच भाषेत मांडावासा वाटला. पुढचे दोघे माझ्या कल्पनेतले आहेत, पण त्यांचं बोलणं मावळातल्या अनेक घरांत चालतं. मामा बोरघाटात गाड्या चालवून निवृत्त झालेले. भाची फिजिओथेरपी शिकून तळेगावात काम करणारी. दोघं भुशी गावातल्या घराच्या ओट्यावर बसली आहेत आणि मामांचा उजवा गुडघा सुजला आहे.

मामा: हिशेब सरळ आहे, पोरी. गुडघा म्हणजे बिजागरी. बिजागरी झिजली, वंगण गेलं, की ती करकरणारच. झिजलेल्या पार्टवर लोड टाकायचा नसतो, एवढं मला नोकरीने शिकवलंय.

भाची: बिजागरीच्या जातीचा सांधा आहे, हे खरं. सुश्रुताने सांध्यांचे आठ प्रकार केले, त्यात गुडघा, कोपर, घोटा यांचा एक वर्ग आणि खांदा-खुब्याचा उखळीसारखा दुसरा. पण बिजागरी स्वतःहून दार उघडत नाही आणि अडवतही नाही. मामा, एक करा. ओट्याच्या या पायरीवरून डावा पाय खाली सोडा, अगदी सावकाश. सगळा भार उजव्या पायावर. आणि उजव्या मांडीवर हात ठेवा.

मामा: गुडघा वाकतोय, म्हणजे मांडीच्या मागची शीर ओढत असणार.

भाची: हात मागे ठेवा. आता पुढे. कुठे कडक लागतंय?

मामा: पुढे. पुढे दगड झालाय. मागे तसं काही नाही. पण पुढचा स्नायू तर पाय सरळ करणारा ना? मग गुडघा वाकताना तो का काम करतोय?

सगळा विषय या प्रश्नात आहे. शाळेत आपल्याला कोपराचं चित्र दाखवतात: पुढचा स्नायू आखडला की हात वाकतो, मागचा आखडला की सरळ होतो. चित्र चूक नाही, पण ते अर्धं आहे, कारण त्यात वजन नाही. स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता कधीच येत नाही. ओढत असताना त्याच्या बाबतीत तीन गोष्टी घडू शकतात. तो जिंकला तर आखूड होतो. बरोबरी झाली तर आहे तेवढाच राहतो. आणि वजन जिंकलं तर ओढता ओढताच लांब होत जातो. पायरी उतरताना गुडघा वाकवण्याचं काम शरीराचं वजन फुकटात करत असतं. मांडीचा पुढचा स्नायू त्या वाकण्याला लगाम घालतो, ताणला जात जात आपल्याला खाली सोडतो.

म्हणून नुसती हालचाल पाहून कोणता स्नायू काम करतोय ते सांगता येत नाही. भरलेला तांब्या हळूच जमिनीवर ठेवताना कोपर सरळ होतं, पण काम करतो दंडाचा पुढचा स्नायू. तोच हात पाण्यात बुडवून रिकामी कळशी तळाशी रेटायची असेल तर कोपर तसंच सरळ होतं, पण आता दंडाचा मागचा स्नायू लागतो, कारण पाणी कळशीला वर लोटत असतं. सांधा तोच, वळणही तेच, फक्त बाहेरचा जोर उलटला.

मामा: म्हणजे हा घाट उतरण्याचाच प्रकार म्हण की. कर्जतहून वर येताना सदतीसला एक असा चढ, मागून बँकर लावून गाडी ढकलावी लागते. लोकांना वाटतं तेच अवघड. खरा कस खाली जाताना. तिथे गाडीला ढकलायची गरजच नसते, घाटच ओढत असतो. ड्रायव्हरचं सगळं लक्ष धरून ठेवण्यावर. मंकी हिल, ठाकूरवाडी, जांब्रुंग, थांबत थांबत, ब्रेक तपासत उतरायचं. आणि ब्रेक गेलाच तर गाडी डोंगराकडे चढवून थांबवायला कॅच सायडिंग.

भाची: आणि नव्या इंजिनांत ब्रेकचं काम कोण करतं?

मामा: मोटरच. चढवणारी मोटर उतरताना जनित्र होते, तिला फिरवण्यात गाडीचा जोर खर्ची पडतो.

भाची: मांडीचं अगदी तसंच आहे. शरीराने ब्रेकचा वेगळा स्नायू ठेवलेलाच नाही. जो चढवतो तोच उतरवतो.

मामा: एक फरक आहे. मोटर वीज परत तारेत पाठवते. तुझा स्नायू काय परत देतो?

भाची: परत काही देत नाही, सगळं उष्णतेत जातं. पण खर्च फार कमी करतो. १९५२ साली इंग्लंडमध्ये ॲबट, ब्रेंडा बिगलँड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने पायडल पुढे मारायचं, दुसऱ्याने उलट्या फिरणाऱ्या पायडलला विरोध करायचा. साखळी एकच, म्हणून दोघांचा जोर सारखा. तरी विरोध करणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागला. वेग वाढवावा तसा फरक वाढत गेला, सुमारे अडीच पटीपासून पाच पटीपर्यंत. रॉयल सोसायटीत प्रात्यक्षिक झालं तेव्हा एका लहानखुऱ्या तरुणीने नुसता विरोध करून धिप्पाड पुरुषाला दमवलं.

मामा: ते कसं काय? जोर सारखा तर खर्चही सारखाच हवा.

भाची: स्नायूच्या आत दोन प्रकारचे धागे असतात. एकावरचे बारीक आकडे दुसऱ्याला धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा धरतात. स्वतःहून सोडायला प्रत्येक आकड्याला इंधन लागतं. पण स्नायू बाहेरून ताणला जात असला की बरेचसे आकडे ओढाताणीनेच सुटतात, इंधन न जाळता. शिवाय अडवून धरण्याची त्यांची ताकद ओढण्यापेक्षा जास्त असते. शरीरातून सुटा केलेला स्नायू प्रयोगात ताणला तर तो स्थिर असतानाच्या दीडपटीपर्यंत जोर धरतो. म्हणून उतरताना श्वास लागत नाही.

मामा: मग लोहगड उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या का भरून येतात? चढून आल्यावर का नाही? स्वस्तातलं काम जर इतकं सोपं, तर दुखायला नको.

मामांचा हा आक्षेप रास्त आहे, आणि मावळात राहणाऱ्या प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक आहे. उतरताना जोर तेवढाच, पण तो थोडेच धागे मिळून पेलतात. त्यामुळे प्रत्येक धाग्यावर ताण जास्त येतो, तोही लांब होता होता. त्यात बारीक इजा होतात, आणि दुखणं २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं. 'लॅक्टिक ॲसिड साठलं' हे स्पष्टीकरण ट्रेकिंगच्या गटांत अजून फिरतं, पण ते टिकत नाही. ते तासाभरात रक्तातून निघून जातं आणि दुखणं तर दुसऱ्या दिवशी सुरू होतं. यातली मोठी गोष्ट पुढची आहे. एकदा असं दुखून गेलं की पुढचे काही आठवडे तोच स्नायू त्याच उतारावर फारच कमी दुखतो. त्याने स्वतःला बदलून घेतलेलं असतं. लोखंडाचा ब्रेक वापराने झिजतो, हा वापराने सुधारतो. मामांच्या युक्तिवादाला खरा धक्का इथे बसतो, आणि भाचीने तो इथेच द्यायला हवा होता. पण मामा तोवर आकड्यांकडे वळले.

मामा: जोर सारखा सारखा म्हणतेस, पण किती? आकडा सांग.

भाची: समजा माणूस ६० किलोचा. पायरी उतरताना मधल्या क्षणी त्याचं वजन गुडघ्याच्या १२ सेंटिमीटर मागे पडतंय. वाटीखालची कंडरा गुडघ्याच्या मध्यापासून जेमतेम ४ सेंटिमीटरवर आहे. तरफेचा नियम लावा.

मामा: साठ गुणिले बारा, भागिले चार. एकशे ऐंशी. एकशे ऐंशी किलो!

भाची: वजनाच्या तिप्पट. हेही त्या वाटीमुळे. वाटी कंडरेला सांध्यापासून दूर धरते, तरफ लांबवते. काही कारणाने वाटी काढावी लागली तर पाय सरळ करण्याची ताकद पाव हिश्शाहून जास्त घटू शकते.

मामा: घे, तूच माझी बाजू मांडलीस. दर पायरीला एकशे ऐंशी किलो ओढ, ती वाटी हाडावर दाबणार, आणि म्हणे झिजत नाही!

भाची: दाब येतोच, नाही कशी म्हणू? पण ब्रेक कमजोर असला म्हणून दाब टळत नाही. तो उलट हिसक्याने येतो. मांडीने सावकाश सोडलं नाही तर खालचा पाय धाडकन आदळतो, आणि तो धक्का हाडं आणि कूर्चा झेलतात. आणि कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, मामा. सांध्यातला रस दाबाखाली तिच्यातून बाहेर जातो, दाब गेला की आत शिरतो. तेच तिचं खाणंपिणं. दाबच नको म्हणणं म्हणजे तिला उपाशी ठेवणं.

मामा: गेलेली कूर्चा व्यायामाने उगवते?

भाची: नाही.

मामा: मग?

भाची: उगवत नाही, हे मी कोणत्याही पेशंटपासून लपवत नाही. पण एक्स-रेमधली झीज आणि माणसाचं दुखणं यांचा मेळ ढिला असतो. झीज भरपूर आणि दुखणं नाही, अशी माणसं पुष्कळ आहेत. कूर्चा माझ्या हातात नाही, मांडी आहे.

आता मामा जिथे जिंकतात ती जागा. पाऊस सुरू झाला, अंगणातल्या फरशीवर शेवाळ चमकू लागलं, आणि त्यांनी विषय भुशीच्या पायऱ्यांवर नेला.

मामा: तू म्हणतेस एका बाजूने सावकाश सोडायचं, दुसरी ढिली. ओल्या पायरीवर हे करून दाखव. तिथे माणूस पुढची-मागची दोन्ही मांडी आवळतो, गुडघा खिळवून टाकतो. मला कोणी शिकवलं नाही, पण मी तेच करतो. चूक आहे?

भाची: नाही, तिथे तुम्ही बरोबर आहात. पाय सटकला की खबर मज्जारज्जूपर्यंत जाऊन परत यायला सेकंदाचा पन्नासावा भाग तरी लागतो, आणि त्यानंतर स्नायूत जोर भरायला आणखी त्याच्या कितीतरी पट वेळ. तेवढ्यात माणूस आडवा झालेला असतो. आधीच आवळलेले स्नायू मात्र निरोपाची वाट पाहत नाहीत. त्यांच्या ताठपणामुळे सांधा जागच्या जागी विरोध करतो.

मामा: मग नेहमीच आवळून का चालू नये?

भाची: पॉवर आणि ब्रेक एकदम लावून गाडी चालवाल का? पोहोचेल, पण जाळेल किती आणि तापेल किती! दोन्ही बाजू ओढतात तेव्हा दोघांचा जोर सांध्यावर दाब म्हणून बेरजेत येतो. नवशिका माणूस कुठलंही काम असंच करतो. सराव वाढला की अनावश्यक आवळणं गळत जातं.

वाहत्या पाण्यात मात्र कोणताही स्नायू पुरा पडत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. गुडघ्यांच्या ताकदीची ही चर्चा कोरड्या नाहीतर नुसत्या ओल्या दगडापुरतीच आहे, हे इथे लिहिणं मला भाग आहे.

भाची: आणि दोन्ही बाजू ओढल्या म्हणजे हालचाल थांबतेच, असंही नाही. खुर्चीतून उठा. आता मांडीच्या मागेही हात लावा.

मामा: दोन्हीकडे कडक! मागचा स्नायू गुडघा वाकवणारा ना, मग उठताना तो कशाला हवा?

भाची: वॉरन लोंबार्ड या शरीरशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये हेच कोडं घातलं. मागचा स्नायू गुडघ्याबरोबर खुबाही ओलांडतो. खुब्याशी त्याची तरफ लांब आहे, म्हणून तिथे तो माणसाला उभा करतो. गुडघ्याशी पुढचा स्नायू भारी पडतो. दोघं एकमेकांविरुद्ध ओढतात आणि दोन्ही सांधे सरळ होतात. एका सांध्याचा हिशेब एका सांध्यापुरता कधीच संपत नाही.

मामा: एवढं सगळं ठरवतो कोण? मी तर ठरवत नाही.

भाची: बरंचसं मज्जारज्जूतच ठरतं. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात ना, तेव्हा वाटीखालची कंडरा क्षणभर ताणली जाते. स्नायूतल्या ताण ओळखणाऱ्या तर्कू खबर देतात, मांडी उडते, आणि त्याच वेळी मागच्या स्नायूला 'ढिला पड' असा निरोप जातो. हा दुसरा निरोप शेरिंग्टनने उलगडला. १९३२ च्या नोबेलचे ते एक मानकरी. या तर्कू ताणाच्या वेगावर जास्त चिडतात. हिसका दिला की स्नायू उलटा आखडतो, सावकाश ताणलं की मान्य करतो.

मामा: हे मला कैवल्यधामात ऐकायला मिळालंय, तुझ्या तर्कू न सांगता. आसनात झटका नको, ओढाताण नको, प्रयत्न सैल सोडा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये इथे संस्था काढली, तीच मुळी यंत्रं घेऊन. उड्डियान आणि नौलीत पोटातला दाब किती उतरतो, हे ते मोजत बसायचे. आणि ते बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले! ज्याने व्यायाम केला, त्यानेच आसनाला व्यायामापासून वेगळं काढलं. म्हणून म्हणतो, तुझ्या ब्रेकपेक्षा माझं सैल सोडणं बरं.

भाची: ताणण्यासाठी बरं, पूर्ण मान्य. उतरण्यासाठी नाही. पायरीवर सैल सोडलं तर खाली कोसळाल. परवा तुमचा गुडघा मधेच सुटला म्हणालात ना?

मामा: सुटला. मांडीत जोर आहे, तरी एकाएकी दुमडला. म्हणून तर म्हणतो, सांधा गेला.

भाची: सांधा सुजलाय. सांध्यात थोडंसं पाणी भरलं तरी तिथून मज्जारज्जूला निरोप जातो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूचा पुरवठा आवळला जातो. स्नायू शाबूत असतो, त्याला हुकूमच पूर्ण पोचत नाही. बाहेरून दिसतं की गुडघा दगा देतो. मग माणूस घाबरून पाय वापरत नाही, मांडी खरंच वाळते, आणि मग खरंच दगा बसतो.

या चक्राची पहिली पायरी आपल्याकडे 'ग्रीस संपलं' या निदानाने पक्की होते. दोष न दिसणाऱ्या रसावर टाकला की करण्यासारखं काही उरत नाही. फक्त बसून राहणं उरतं. मामांसारखा यंत्रं ओळखणारा माणूसही त्याला बळी पडतो, कारण झिजणारं लोखंड त्याने रोज पाहिलेलं असतं, आणि भार घेऊन स्वतः भक्कम होणारा ब्रेक त्याच्या अनुभवात कधी आलेलाच नसतो.

मामा: मग करू काय, ते सांग.

भाची: आधी सूज. डॉक्टरांना दाखवून ती उतरवायची. तोवर बसल्या जागी पाय सरळ करून मांडी आवळायची, सोडायची. मग वीतभर नको, चार बोटं उंचीचा पाट. कठडा धरून, दुखत्या पायावर भार ठेवून, दुसरा पाय मनात चार मोजत खाली. उंची वाढवायची ती दुसऱ्या दिवशीचा गुडघा पाहून. तो फुगला तर मागे यायचं. तैवानमध्ये वयस्क, स्थूल बायकांवर एक अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापून आला. १२ आठवडे एका गटाने जिने फक्त चढले, दुसऱ्याने फक्त उतरले, परतीला लिफ्ट. मांडीच्या ताकदीपासून रक्तदाबापर्यंत बऱ्याच गोष्टींत उतरणाऱ्यांचा फायदा जास्त निघाला.

मामा: म्हणजे वर जायला लिफ्ट आणि खाली यायला जिना? लोक नेमकं उलटं करतात.

भाची: हो, उलटंच करतात.

मामा: आणि लोहगड?

भाची: घरातला जिना एकाआड एक पाय टाकून, न थांबता, कठड्याला नुसतं बोट लावून उतरता आला की बोलू.

मामा: बोट नाही, मी कठडा पकडणारच. घाटात ब्रेक चांगला आहे म्हणून कोणी कॅच सायडिंग उखडून टाकत नाही.

भाची: पकडा. पण त्याच्यावर भार टाकायचा नाही. भार मांडीवरच.